जुन्या मुंबईच्या शिळाछाप चित्रांचं पुस्तक घरात सापडलंय. अस्सल आहे हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वसईला मावशीचं घर आवरताना ट्रंकेत एक आडवं, पातळ पुस्तक निघालं. जुन्या मुंबईची पाच रंगीत चित्रं, खाली इंग्रजीत नावं, कोपऱ्यात ‘गोन्साल्विस’ आणि १८२६. दोन पानं शिवणीतून सुटलेली. भाऊ म्हणतोय फ्रेम करून हॉलमध्ये लावू. पुस्तक अस्सल आहे का, आणि किती मिळतील?

आधी भावाला थांबवा. बाकीचं सावकाश बोलू.

जोझे गोन्साल्विस हा मूळचा गोव्याकडचा, मुंबईत राहणारा चित्रकार. इथं दगडावरून चित्रं छापणाऱ्या अगदी पहिल्या मंडळींपैकी एक. मुंबईच्या देखाव्यांचं त्याचं पुस्तक १८२६ साली निघालं आणि ते मुंबईतच छापलं गेलं. ‘मुंबईतच’ याला फार वजन आहे. त्याच सुमाराला ग्रिंडलेसारख्या साहेबांची या भागाची चित्रं तांब्याच्या पत्र्यावर चढवून लंडनला छापली जात होती. मुंबईचे मुद्रक गणपत कृष्णाजी यांचं शिळाछाप मराठी पंचांग आलं १८३१ साली. तुमचं पुस्तक खरं असेल तर ते त्याच्याही पाच वर्षं आधीचं.

माझी सगळी नोकरी गिरगावातल्या एका छापखान्यात ऑफसेटवर गेली. लिथोचं, म्हणजे शिळाछापाचं, काम मी यायच्या कितीतरी आधी बंद झालं होतं, पण त्याचे दोन दगड मागच्या मोरीत होते, कपडे आपटायला. त्यातला एक ओला झाला की त्यावर सरबताच्या लेबलाची उलटी अक्षरं पुसट उमटायची. वाळला की गायब. शिळाछपाई म्हणजे काय ते मला त्या मोरीत कळलं. मेण, साबण आणि काजळीच्या कांडीनं दगडावर चित्र काढायचं, त्यावर डिंक आणि किंचित तेजाब फिरवायचं. मग दगड ओला करून शाईचा रूळ फिरवला की शाई तेलकट रेघांना धरते, ओल्या जागेला शिवत नाही. काम झालं की दगड वाळूनं घासून पुन्हा कोरा. हे चांगले दगड बव्हेरियाहून यायचे, ते कोण साठवून ठेवणार? चित्र एकदा घासलं की पुन्हा छापणं नाही. अशी पुस्तकं दुर्मिळ होण्याचं एक कारण हेही आहे.

आता एक भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं. आमच्याकडे रजिस्टर, म्हणजे रंग एकावर एक नीट बसलेत का ते, बघायला असायचं तसलं. आभाळाचा किंवा भिंतीच्या सावलीचा भाग बघा. एकसारख्या अंतरावर ठिपक्यांची जाळी, निळे-गुलाबी-पिवळे ठिपके फुलासारखे मांडलेले दिसले, तर ते ऑफसेट आहे. अलीकडचं पुनर्मुद्रण. विषय संपला. खडबडीत भिंतीवर खडू ओढल्यासारखे वेडेवाकडे, लहानमोठे कण दिसले तर शिळाछाप. चित्राभोवती बोट फिरवा. तांब्याच्या पत्र्यानं छापलेल्या चित्राला कडेनं चौकोनी दाब बसलेला असतो, बोटाला लागतो. दगडाच्या छापाला तो नसतो.

रंगाकडेही बघा. १८२६ चा रंग छापलेला नसणार, हातानं भरलेला असणार. म्हणजे कुठंतरी तो रेघेबाहेर गेलेला असेल, दोन झाडांचा हिरवा एकसारखा नसेल. सगळं अगदी नेटकं असेल तर मला संशय येईल.

मला सर्वांत मजा येते ती चित्रातल्या इमारतींवरून तारीख काढताना. पाचांत सेंट थॉमस चर्च असेल तर त्याचा मनोरा बघा. आज दिसतो तो उंच मनोरा १८३८ सालचा. त्याआधी तिथं बुटकं घंटाघर होतं. उंच मनोरा दिसला, तर कोपऱ्यात काहीही लिहिलेलं असो, ते चित्र १८२६ चं नाही. टाउन हॉलचंही तसंच. बांधकाम १८२१ ला सुरू झालं आणि १८३३ ला पुरं झालं. चर्चसमोरचं मोकळं मैदान म्हणजे ‘बॉम्बे ग्रीन’, जिथं कापसाचे गठ्ठे पडलेले असायचे. आज तिथं हॉर्निमन सर्कलची बाग आहे. किल्ल्याचे तट दिसले तर ते बरोबरच, ते पाडले १८६० च्या दशकात. आपण अजून ‘फोर्टात’ जातो आणि चर्चगेटला उतरतो, पण तो किल्लाही नाही आणि ते गेटही नाही.

फसवणुकीचा एक प्रकार मी स्वतः पैसे मोजून शिकलोय. जुन्या बाजारात एकानं मला मुंबई बंदराचं ‘अस्सल लिथो’ विकलं, मागून खाकी कागद चिकटवलेला. घरी येऊन कागद भिजवून काढला तर मागं इंग्रजी मजकुराचे तीन रकाने! लंडनच्या सचित्र साप्ताहिकातलं कापून काढलेलं लाकडी ठशाचं चित्र, वर नंतर फासलेला रंग. चित्र जुनं होतं, खोटं नव्हतं, पण लिथो नव्हतं आणि माझी किंमत तिप्पट गेली. म्हणून पाठ बघितल्याशिवाय काही बोलू नये.

कागद उजेडासमोर धरून जलचिन्ह आहे का तेही बघा. विलायती कागदात कधीकधी कंपनीच्या नावाबरोबर सालही असतं. १८२६ नंतरचं साल निघालं, तर पुस्तक त्या सालाआधी छापलेलं असणं शक्यच नाही.

किमतीचा आकडा मी देणार नाही. फोटो न बघता आकडा देणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. चित्रांची सगळी पानं, नावाचं पान आणि मूळ बांधणी असेल तर ते पुस्तक. एक पान गेलं की ती सुटी चित्रं. व्यापारी पुस्तक फोडून एकेक पान फ्रेममध्ये विकतात कारण त्यात जास्त पैसे सुटतात, आणि माझ्या मते हा शुद्ध खाटीकपणा आहे. तुमच्याकडची पाच पानं म्हणजे सगळी का, हे ब्रिटिश लायब्ररीतल्या प्रतीशी ताडून बघा. परदेशी गिऱ्हाइकाचा मोह नको. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवायला १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे.

सुटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशनचं तर नावही काढू नका. तांबूस डाग पुसू नका, हातानं भरलेला रंग पाण्यानं निघतो. वसईच्या दमट हवेत ट्रंक नको, प्लास्टिकची पिशवी तर मुळीच नको. आम्लरहित कागदात गुंडाळून, आडवं, भिंतीपासून लांबच्या कपाटात ठेवा. डागडुजी करायचीच असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथं विचारा. बाइंडिंगवाल्याकडे नेलंत तर तो कडा कापून ‘नवंकोरं’ करून देईल.

तोवर इथं तीन फोटो टाका: चर्चचं पान पूर्ण, त्याच पानाची पाठ, आणि भिंगातून आभाळाचा तुकडा. फ्लॅश नको, खिडकीजवळच्या उजेडात काढा. मनोरा दिसला की पुढचं सांगतो.