घरी बनवलेल्या लाकडी कयाकवर (वल्ह्याची अरुंद होडी) जुन्या साडीचं कापड इपॉक्सीत (दोन द्रव मिसळले की कडक होणारं रेझिन) बसवलं तर टिकेल का? इपॉक्सी कोणतं घ्यावं?

टिकतं. बिनधास्त बसवा. माझ्या कयाकच्या पुढच्या डेकवर, म्हणजे वरच्या पृष्ठभागावर, आत्याने जपून ठेवलेले कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचे दोन खण आहेत, गर्द मरून रंगाचे. मालवणजवळच्या देवबागच्या खाऱ्या पाण्यात बोट चालते, खणाची कड कुठेही सुटलेली नाही.

आमच्या दादाने खण बघताच नाक मुरडलं होतं. "बोटीला साडी नेसवतोस? लाकूड दिसू दे की!" अरे, पण दिसण्यासारखं होतं काय? ४ मिलीमीटरचं ओकुमे लाकडाचं प्लाय, फिकट गुलाबी, त्यावर धड रेषासुद्धा नाहीत. सीडरच्या लाकडी पट्ट्यांची बोट असती तर मीही झाकली नसती. त्याचं दुसरं म्हणणं, कापडाने बोट कच्ची होते. साफ चूक. ताकद वरच्या ग्लासच्या (फायबरग्लासच्या) कापडाची असते आणि खण त्याखाली असतो. त्यात इपॉक्सी पूर्ण मुरलं की तो वेगळा थर उरतच नाही. तळाला मात्र लावू नका, तिथे ग्लास थेट लाकडावरच हवं.

कापड धुऊन खळ काढा, वाळवा, इस्त्री करा. फिकट सुती कापड इपॉक्सीत भिजलं की पारदर्शक होतं आणि पांढऱ्या जागी खालचं प्लाय दिसतं, म्हणून आधी पांढरं पिगमेंट घातलेल्या इपॉक्सीचा हात द्या. रंग फुटतो का, ते प्लायच्या तुकड्यावर बघा. जास्तीची कड पूर्ण कडक व्हायच्या आत, नख रुतत असतानाच, नव्या ब्लेडने कापा. नंतर कापलीत तर दोरे निघतात. उघड्या कापडावर पॉलिश पेपर मारू नका, पांढरी लव उठते.

इपॉक्सी लॅमिनेटिंगचं, म्हणजे कापडात मुरणारं, आणि सावकाश सुकणाऱ्या हार्डनरचं (ते कडक करणारा दुसरा द्रव) घ्या. दुकानदार 'फायबरचं रेझिन' म्हणून पॉलिएस्टर देईल, ते लाकडाला नीट धरत नाही. आणि लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवू नका, प्रमाण डब्यावर असेल तेच.

घरात दादासारखं कुणी असेल तर त्याला कोरं कापड दाखवूच नका, व्हार्निश मारलेला नमुना हातात द्या. आमचा दादा आता पाहुण्यांना आधी तो डेकच दाखवतो, पण "चुकलो" अजून म्हणालेला नाही.

हो, व्हार्निश यूव्हीवालंच, म्हणजे उन्हातले अतिनील किरण अडवणारंच हवं, नाहीतर उन्हात इपॉक्सी पिवळं पडतं. गडद डेक फार तापतो, बोट सावलीत ठेवा. आणि हातमोजे घालाच, इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की जन्माची.