मस्टँगला सुपरचार्जर बसवू, की कंपनीतून आली तशीच ठेवू?

हा प्रश्न कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप चालवणाऱ्या ३९ वर्षांच्या वाचकांचा आहे. त्यांनी २०२१ मध्ये पहिल्या मालकाकडून २०१७ ची फोर्ड मस्टँग जीटी ४६ लाखांना घेतली. गाडी आजवर जशीच्या तशी आहे. आता पुण्यातल्या एका गॅरेजने त्यांना २१ लाखांचं कोटेशन दिलंय: ड्यूटी आणि फिटिंगसह सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवणारं यंत्र) साडेतेरा लाख, एक्झॉस्ट दोन लाख ऐंशी हजार, स्प्रिंग आणि व्हील्स तीन लाख वीस हजार, मॅट रंगाचं रॅप (गाडीवर चिकटवायची फिल्म) दीड लाख. १२ लाखांची एफडी पुढच्या महिन्यात मोकळी होतेय आणि उरलेले ९ लाख गृहकर्जावर टॉप-अप घेऊन उभे करायचं त्यांच्या मनात आहे. वडील म्हणतात, "हात लावू नकोस, ओरिजिनल गाडी सोन्यासारखी वाढते." मित्र म्हणतात, गाडी तुझी, पैसा तुझा. त्यातच मुंबईच्या एका गृहस्थांनी ५२ लाखांची ऑफर दिलीय. अट एकच, गाडी स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच हवी.

नमस्कार.

पत्र वाचताना मी गाडीच्या आधी एफडीवर थांबलो. तुम्ही स्वतःच लिहिलंय की धंद्याबाहेर हात घालता येईल अशी रक्कम तेवढीच आहे. चौदा कामगार, नव्या व्हीएमसीचा (धातू कापणाऱ्या संगणकीय मशीनचा) महिन्याला ७८ हजारांचा हप्ता, आणि मोठ्या कंपन्यांकडून बिलाचे पैसे यायला साठ ते नव्वद दिवस. या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की ती एफडी तुमच्या कामगारांचा पगार आहे, फक्त बँकेत ठेवलेला. दोन महिने ऑर्डर सुकली तर पगार तिच्यातूनच जाणार. म्हणून माझं उत्तर आधीच सांगतो: सुपरचार्जर नको, टॉप-अप तर अजिबात नको, आणि गाडी मूळ रूपात ठेवा. पण वडिलांनी दिलेलं कारण मला मान्य नाही, आणि ते का, हे आधी बोलायला हवं.

ओरिजिनल ठेवली म्हणजे गुंतवणूक झाली, हा समज घरोघरी आहे. तुमचाच हिशोब मांडू. २०२१ चे ४६ लाख वर्षाला सात टक्क्यांनी नुसते पडून राहिले असते तरी पाच वर्षांत साडेचौसष्ट लाखांच्या आसपास गेले असते. त्यावर कर लागला असता, हे खरं. पण गाडीवर तुम्ही दरवर्षी विमा भरलात, सर्व्हिसिंग केलंत, बॅटरी बदललीत. ५२ लाखांची ऑफर खुर्चीत बसून ऐकायला फार गोड वाटते, पण हा नफा नाही. पाच वर्षं व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) चालवायला मिळाल्याचा खर्च फक्त अपेक्षेपेक्षा कमी आला, एवढंच. मस्टँग काही दुर्मिळ जात नाही. १९६४ पासून बनतेय आणि ऑगस्ट २०१८ मध्येच तिने एक कोटीचा आकडा ओलांडला. आपल्याकडे २०१६ मध्ये ती ६५ लाखांना आली तेव्हा आयात होऊन थोड्याच गाड्या आल्या, म्हणून इथे मागणी टिकून आहे. उद्या आयात शुल्काचे नियम बदलले तर ही मागणी तशीच राहील, याची खात्री कोणी देऊ नये.

व्हिंटेज नोंदणीचा मुद्दाही वडिलांनी काढलाय. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते; नंबरात 'व्हीए' येतं आणि नव्या नोंदणीची फी २० हजार आहे. तुमच्या गाडीला तो मान २०६७ मध्ये मिळेल. आजच्या निर्णयात तो धरू नका.

मित्रांच्या बाजूने तुम्ही दोन उदाहरणं दिलीत. 'बुलिट' चित्रपटातली मॉडिफाय केलेली मस्टँग कोट्यवधींना गेली, आणि शेल्बी या अमेरिकन कंपनीच्या मस्टँग मुळात मॉडिफाय केलेल्याच असतात. दोन्ही खरी आहेत. पण 'बुलिट'ची गाडी जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या किसिमीच्या लिलावात ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली, ती चित्रपटासाठी केलेल्या बदलांनंतर तिला कोणी पुन्हा हात लावला नाही म्हणून. एका कुटुंबाने ती १९७४ मध्ये सहा हजार डॉलरला घेतली, रोजच्या वापरात चालवली आणि पोचे, गंज सगळं तसंच राहू दिलं. घेणाऱ्याने पैसे मोजले ते त्या अखंड इतिहासाचे. शेल्बीचंही तेच. १९६५ च्या जीटी ३५० ला कारखान्याचा आधार होता, स्वतंत्र अनुक्रमांक होता, नोंदवही होती. पुण्यातल्या गॅरेजचं बिल कितीही चोख असलं तरी पुढच्या ग्राहकाला त्याचा अर्थ 'इंजिन कोणीतरी उघडलंय' एवढाच लागतो.

आता साडेतेरा लाखांच्या त्या मुख्य कामाकडे येऊ, कारण इथे तुमचं स्वतःचं ज्ञान माझ्यापेक्षा जास्त आहे. २०१५ ते २०१७ च्या या पाच लिटर इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा-इंधन दाबण्याचं प्रमाण, मुळातच ११ ला १ आहे. त्यावर वरून हवा दाबायची तर ट्यूनिंग चांगल्या ऑक्टेनच्या, म्हणजे जास्त दाबाखाली आपोआप न पेटणाऱ्या, पेट्रोलवर करावं लागतं. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल पुण्या-मुंबईच्या निवडक पंपांवर मिळतं, तुमच्या रोजच्या रस्त्यावर नाही. दुसरी गोष्ट ऑइल पंपाच्या गिअरची. हे गिअर पावडर मेटलचे, सिंटर्ड, म्हणजे धातूची पूड दाबून-भाजून केलेले आहेत. सुपरचार्जर लावून इंजिन वरच्या आरपीएमला खेळवलं की ते फुटण्याची तक्रार या इंजिनांत सगळ्यांच्या माहितीची आहे. म्हणून जाणकार लोक सुपरचार्जर बसवतानाच बिलेटचे, म्हणजे अखंड धातूच्या ठोकळ्यातून कापलेले, गिअर घालतात. सिंटर्ड दात आणि बिलेटमधून काढलेला दात यांतला फरक तुम्हाला मी सांगायला नको, तुमच्या शॉपमध्ये तो रोज दिसतो. पण कोटेशनमध्ये ती ओळच नाही! पंपाचा दात गेला तर तेलाचा दाब जातो आणि मागोमाग इंजिन. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, आणि तुमची गाडी तर आयातच झालेली. तेव्हा बाहेरून मागवलेलं इंजिन कोल्हापुरात येईपर्यंत किती लाख आणि किती महिने जातील, हे त्या गॅरेजला लेखी विचारा. हे २१ लाखांचं काम २१ लाखांत थांबणार नाही, असं मला स्पष्ट दिसतंय.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाने करू नयेत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रॅपने गाडीचा रंगच बदलला तर आरसीवरच्या रंगाशी मेळ राहत नाही, त्यासाठी आरटीओत नोंद लागते. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर जप्त करून रस्त्यावर मांडायचे आणि त्यावरून रोडरोलर फिरवायचा, हे आपल्या वाहतूक पोलिसांनी अनेक शहरांत केलंय. बहुतेक बुलेट मोटरसायकलचे असतात, पण एक्झॉस्टवर गाडीच्या किमतीचं लेबल नसतं.

दंडापेक्षा मला विम्याची जास्त काळजी आहे. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. न सांगता केलेला बदल सर्व्हेअरला सापडला, आणि तोही ताकद वाढवणारा, तर क्लेम अडकतो किंवा कापला जातो. कागल ओलांडून हायवेवर एक अपघात, आणि तुमचे ४६ अधिक २१, असे ६७ लाख एका पत्रावर लटकतात.

टॉप-अपचा आकडाही बघून ठेवा. ९ लाख, साडेनऊ टक्के, सात वर्षं, म्हणजे महिन्याला सुमारे १४,७०० आणि व्याजच साधारण तीन लाख पस्तीस हजार. राहत्या घरावरचं कर्ज वाढवून एक्झॉस्ट आणि रॅप घेणं, हे मी कोणत्याही अशिलाला करू देत नाही. उलट ती एफडी सात टक्क्यांनी पाच वर्षं पुढे नेली तर करापूर्वी १६ लाख ८० हजारांच्या आसपास जाते. मुलगी आता आठवीत आहे. पाच वर्षांनी ती कुठे असेल, याचा हिशोब तुम्हीच पत्राच्या शेवटी अर्ध्या ओळीत केलाय आणि मग खोडलाय.

मला ठाऊक आहे, हे सगळं ऐकून गाडीवरची माया कमी होत नाही, आणि होऊ नये. पहाटे पन्हाळ्याच्या वळणांवर काचा खाली करून त्या व्ही-८ चा आवाज ऐकायला मिळावा म्हणून तुम्ही वर्षानुवर्षं राबलात. तो आनंद खर्चाच्या खान्यात राजरोस लिहा, त्याला गुंतवणुकीचं नाव द्यायची गरज नाही. वर्षाच्या बचतीतून, एफडीला न शिवता, तीन लाखांपर्यंत गाडीवर घालवा. पण परत काढता येईल किंवा झिजून बदलावंच लागेल, अशाच गोष्टींवर. मॅट रॅपऐवजी पारदर्शक पेंट प्रोटेक्शन फिल्म: मूळ रंग झाकला जात नाही, उलट जपला जातो. कूलंट, ब्रेक फ्लुइड, चांगले ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे कडक झालेले बुश. आणि टायर. आज घरी गेल्यावर टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का बघा. २३१७ असेल तर तो २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर आहे. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी एवढ्या ताकदीच्या गाडीखाली तो ठेवू नका. उरलेल्या पैशांत कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर एखादा ट्रॅक डे करा. तुम्हाला हवा असलेला वेग तिथे आजच्या इंजिनातही पुरून उरेल.

जे काही मूळचं निघेल ते भंगारात देऊ नका. माझ्या एका अशिलाने त्याच्या कूपेचे मूळ स्प्रिंग आणि सायलेन्सर जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवले होते, प्रत्येकाला सुतळीने चिठ्ठी बांधून: काढल्याची तारीख, किलोमीटर, फिटरचं नाव. विकायच्या दिवशी दोन तासांत गाडी पूर्ववत झाली. समोरचा माणूस त्या चिठ्ठ्या एकेक करून वाचत बसला होता, आणि किमतीची घासाघीस त्याने तिथेच थांबवली. सर्व्हिसची बिलं, दोन्ही चाव्या, पहिल्या मालकाचा इनव्हॉइस एका फाइलीत लावा.

हाच प्रश्न वेगळ्या परिस्थितीत आला असता तर मी कदाचित हो म्हटलं असतं. गाडी अपघातातून उठवलेली असती, पगाराचा सहा महिन्यांचा साठा वेगळा असता, मुलीची तरतूद झालेली असती आणि ती गाडी कधीच विकायची नाही असं तुमचं ठरलेलं असतं, तर कायद्यात बसेल ते करा म्हणालो असतो. यातली एकही अट आज पुरी होत नाही.

मुंबईच्या ऑफरवर मत देण्याआधी मला एक गोष्ट हवीय, जी पत्रात नाही: आरसी कोणाच्या नावावर आहे? तुमच्या वैयक्तिक नावावर असेल तर वापरातली गाडी भांडवली मालमत्ता धरली जात नाही, ५२ लाखांवर भांडवली नफ्याचा कर येत नाही. फर्मच्या नावावर असेल आणि तुमचे सीए दरवर्षी घसारा घेत असतील, तर चित्र पार बदलतं. घसाऱ्यानंतर पुस्तकात उरलेल्या किमतीपेक्षा जेवढे जास्त येतील तेवढ्या फरकावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि आयकरातही ती रक्कम येते. मग त्या ५२ लाखांतले तुमच्या हातात किती पडतील, ते सीएंना विचारून कागदावर मांडावं लागेल. आरसीची प्रत, विम्याची पॉलिसी आणि टायरवरचा तो आकडा पाठवा. एफडीच्या मुदतीची तारीख जवळ आहे, म्हणून तोवर बँकेत जाऊन ती आपोआप नूतनीकरणावर टाकून या.