वाचकांचे प्रश्न : शाळेच्या वर्गात पैशाचा व्यवहार शिकवताना

प्रश्न : मी लेखापाल म्हणून अनेक वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. जवळच्या शाळेने पाचवी ते सातवीच्या मुलांना व्यवसाय आणि पैसा या विषयावर आठवड्यातून एक तास शिकवाल का, असे विचारले आहे. विषय मला येतो, पण शिकवण्याचा अनुभव अजिबात नाही. सुरुवात कशी करावी? (एक निवृत्त लेखापाल)

उत्तर : शाळेने तुम्हाला बोलावले आहे ते शिकवता येते म्हणून नव्हे. शिकवण्यासाठी त्यांच्याकडे शिक्षक आहेतच. ज्याने आयुष्यभर इतरांचे जमाखर्च तपासले, चुका पकडल्या आणि कधी स्वतःही चुका केल्या, असा माणूस मात्र शाळेत सहसा नसतो आणि मुलांना तोच हवा असतो.

ही कल्पना तशी जुनी आहे. 1919 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्ड येथे, कागद कारखानदार होरेस मोझेस, दूरध्वनी कंपनीचे प्रमुख थिओडोर व्हेल आणि माजी सिनेटर मरे क्रेन या तिघांनी पुढाकार घेऊन मुलांसाठी जे काम सुरू केले, त्यातून पुढे ‘ज्युनिअर अचीव्हमेंट’ ही संस्था उभी राहिली. शाळा सुटल्यावर मुलांनी लहान गट करून वस्तू तयार करायच्या, त्या विकायच्या आणि हिशेब ठेवायचा, एवढेच तिचे सुरुवातीचे स्वरूप होते आणि सोबतीला व्यवसायातली मोठी माणसे असत. स्वयंसेवकाने शाळेच्या वेळेत थेट वर्गात जाऊन तास घ्यावा, ही पद्धत त्या संस्थेत 1975 च्या सुमारास रुजली. आज अनेक देशांत हे काम चालते आणि ते निभावून नेणारे बहुतेक जण तुमच्यासारखेच, शिकवण्याचा अनुभव नसलेले असतात.

माझा पहिला तास पूर्णपणे फसला होता. बचत, गुंतवणूक, व्याज, जोखीम अशा व्याख्या मी चाळीस मिनिटे फळ्यावर लिहीत राहिलो आणि मुलांनी त्या निमूटपणे उतरवून घेतल्या. शेवटी दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, तुमचे पैसे कधी बुडाले आहेत का?” मी काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. पुढच्या आठवड्यात मात्र एका ओळखीच्या माणसाच्या भरवशावर, कागदपत्रे न वाचता मी पैसे कसे गुंतवले आणि ते कसे परत मिळाले नाहीत, हे सविस्तर सांगितले. त्या दिवशी वर्गात आलेले प्रश्न मला आजही पाठ आहेत : सही करताना काय लिहिले होते, घरी कधी सांगितले, त्या माणसाशी अजून बोलता का. जोखीम या शब्दाची व्याख्या त्यानंतर कोणाला सांगावी लागली नाही.

म्हणून पहिल्या तासाला एकच गोष्ट न्या आणि ती तुमच्या कामातली असू द्या. शिलाईचा व्यवसाय करणाऱ्या एका बाईंनी घेतलेला तास मी मागे बसून पाहिला होता, तो सांगतो. त्यांनी दहा समान घरे आखलेली कागदाची लांब पट्टी आणली होती. “गिऱ्हाइकाने मला दिलेले सगळे पैसे म्हणजे ही पट्टी. यातले माझे किती?” असे त्यांनी विचारले. बहुतेकांनी सगळी पट्टी त्यांचीच ठरवली, काहींनी निम्मी. मग आपली मागच्या वर्षीची वही उघडून त्या एकेक घर कात्रीने कापू लागल्या. कापड आणि दोऱ्याची पाच घरे गेली, जागेच्या भाड्याचे एक, मदतनीस बाईच्या पगाराची दोन, वीज, यंत्राची दुरुस्ती आणि कर मिळून एक. हातात एक घर उरले. वर्ग गप्प झाला. एका मुलाने खाली पडलेले तुकडे गोळा केले आणि विचारले, “मग हे कोणाचे?” कापडाचा तुकडा उचलून त्या म्हणाल्या की हा कापड व्यापाऱ्याकडे जातो आणि तोही घरी जाऊन याची अशीच पट्टी कापतो. बाजार कसा चालतो हे इतक्या थोडक्यात सांगितलेले मी दुसरीकडे कुठे ऐकलेले नाही.

तासाला वर्गशिक्षकांना वर्गातच थांबण्याची विनंती अवश्य करा. कोणत्या मुलाला कधी बोलते करायचे हे त्यांना ठाऊक असते, आणि तुम्ही गेल्यावर उरलेले सहा दिवस तो विषय त्यांच्याच हाती असतो.

प्रश्न : आमच्या शाळेत दरवर्षी बाहेरचे स्वयंसेवक येऊन आर्थिक साक्षरतेचे वर्ग घेतात. मुलांना मजा येते, पण वर्षभराने विचारले तर फारसे काही आठवत नाही. यातून खरोखर काही साधते का? (एक शिक्षिका)

उत्तर : तुमची शंका रास्त आहे आणि संशोधकांनाही ती पडलेली आहे. आर्थिक शिक्षणावरच्या दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2014 साली प्रसिद्ध झाला. लोकांच्या आर्थिक वागण्यात जो फरक दिसतो, त्यापैकी जेमतेम 0.1 टक्का फरकाचे श्रेय अशा शिक्षणाला देता येते, असा त्याचा निष्कर्ष होता. शिवाय कितीही तासांचे शिक्षण दिले तरी दीडपावणेदोन वर्षांत त्याचा परिणाम ओसरतो, असेही त्यात आढळले. उलट 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत तशा पद्धतीने केलेल्या 76 प्रयोगांच्या आढाव्यात ज्ञान आणि वागणूक या दोन्हींवर चांगला परिणाम दिसला. दोन्ही निष्कर्ष समोर ठेवून मला असे वाटते की, शिकवावे की नाही हा आता फारसा वादाचा मुद्दा उरलेला नाही, पण काय आणि केव्हा शिकवावे हा नक्कीच आहे. गृहकर्जाच्या व्याजाचे गणित सहावीतल्या मुलाला सांगितले, तर ते वापरायची वेळ येईपर्यंत तो विसरणारच. त्याच्या हातात आज जे पैसे येतात, त्यांच्याविषयी सांगितले तर ते त्याच आठवड्यात वापरले जाते.

ब्राझीलमधला प्रयोग या दृष्टीने फार बोलका आहे. तेथे सहा राज्यांतील 892 माध्यमिक शाळांत आणि सुमारे 25 हजार विद्यार्थ्यांत तो झाला. धडे वेगळ्या तासाला न देता गणित, भाषा अशा नेहमीच्या विषयांत मिसळले होते आणि काही गृहपाठ पालकांसोबत करायचे होते. विद्यार्थ्यांचे ज्ञान वाढले, बचत वाढली आणि पालकांच्याही ज्ञानात व बचतीत सुधारणा दिसली. मात्र याच विद्यार्थ्यांत हप्त्याने आणि उधारीने वस्तू घेण्याचे प्रमाणही वाढले आणि हप्ते थकवण्याचेही. कर्जाची ओळख करून दिली की कर्जाची भीड चेपते, ही गोष्ट प्रत्येक स्वयंसेवकाने मनात ठेवावी. कर्ज कसे मिळते हे सांगताना, त्याच तासात, ते थकले की काय होते हेही आकड्यांनिशी सांगितले पाहिजे.

तुमच्या हाती असलेला उपाय साधा आहे. स्वयंसेवक येऊन गेल्यावर पुढच्या दोन आठवड्यांत गणिताच्या तासाला त्याच उदाहरणावर बेतलेली चार गणिते घाला. चक्रवाढ व्याज शिकवताना 72 ला व्याजदराने भागले की रक्कम दुप्पट व्हायला लागणारी अंदाजे वर्षे मिळतात, हा आडाखा मुलांना फार आवडतो. दर 8 टक्के असेल तर नऊ वर्षे आणि 24 टक्के असेल तर तीनच वर्षे. हाच आडाखा थकलेल्या कर्जालाही लागू पडतो हे मुलांच्या सहसा स्वतःहूनच लक्षात येते, तेव्हा त्यांना घाई करू नका.

प्रश्न : माझ्या मुलाच्या शाळेत एका वित्तीय कंपनीचे कर्मचारी स्वयंसेवक म्हणून आले. तास संपल्यावर त्यांनी कंपनीच्या बचत योजनेची पत्रके मुलांना घरी न्यायला दिली. हे योग्य आहे का? (एक पालक)

उत्तर : नाही. वर्गात आलेला माणूस मुलांच्या दृष्टीने शिक्षकच असतो आणि त्या विश्वासावर कोणतीही योजना विकणे गैर आहे. ते कर्मचारी मनापासून शिकवत असतील, यात शंका घेण्याचे कारण नाही. तरीही पत्रके, नोंदणीचे अर्ज, कंपनीचे चिन्ह छापलेल्या भेटवस्तू, मुलांकडून पालकांचे दूरध्वनी क्रमांक मागणे, हे सगळे शाळेने आधीच लेखी नियम करून बंद करावे. मुख्याध्यापकांना शांतपणे पत्र लिहा. आलेल्या पत्रकाचा उपयोगही करता येईल : ते मुलासोबत बसून वाचा, मोठ्या अक्षरांत काय छापले आहे आणि बारीक अक्षरांत काय, हे त्यालाच शोधू द्या.

प्रश्न : माझा छोटा उद्योग आहे. सहावीच्या मुलांकडून महिनाभर एक ‘कंपनी’ चालवून घ्यावी असा विचार आहे. नफा झाला नाही तर मुले नाउमेद होतील का? आणि वर्गातल्या सगळ्यांची घरची परिस्थिती सारखी नसते, त्याचे काय करावे? (एक लघुउद्योजिका)

उत्तर : तोट्याची भीती बाळगू नका, पण तोटा हिशेबाशिवाय सोडूनही देऊ नका. एका वर्गात वीस मुलांनी वाचनखुणा बनवण्याची कंपनी काढली होती. खरे पैसे न वापरता प्रत्येकाला चार टोकने दिली होती, म्हणजे भांडवल 80. त्या 80 टोकनांत कार्डबोर्ड, रंग आणि रेशमी फीत घेऊन 40 वाचनखुणा झाल्या, म्हणजे एकीचा खर्च दोन. विक्रीची किंमत ठरली तीन आणि 26 विकल्या गेल्या. प्रत्येकीमागे एक याप्रमाणे 26 टोकने नफा झाला, असे मुलांनी आनंदाने फळ्यावर लिहिले. मग खजिनदार मुलीने गल्ला मोजला तर 78 निघाली. तिने तीनदा मोजले. कोणीतरी टोकने घेतली असावीत असा संशयही एकाने बोलून दाखवला आणि ती रडवेली झाली.

त्यांच्यासोबत आलेल्या स्वयंसेवकाने उत्तर सांगितले नाही. टेबलाखालचा खोका तेवढा वर ठेवला. त्यात 14 वाचनखुणा होत्या, दोनच्या हिशेबाने 28 टोकनांच्या. गल्ल्यातली 78 आणि खोक्यातली 28 मिळून 106, त्यातून भांडवल वजा जाता 26. नफा झालेला होता, फक्त तो खोक्यात पडून होता, आणि त्या खुणा विकल्या गेल्या नाहीत तर तो नाहीसाच होणार होता. माल पडून राहणे म्हणजे काय, हे तुमच्या व्यवसायात तुम्ही रोज सोसता. मुलांना ते त्या दहा मिनिटांत समजले. संशय घेणाऱ्या मुलाने खजिनदार मुलीची माफी मागितली, हेही त्याच तासात झाले. मजुरीचा प्रश्न पुढच्या आठवड्यात निघाला : वीस जणांनी घालवलेले तास कोणीच खर्चात धरले नव्हते.

नेदरलँड्समधील एका व्यावसायिक महाविद्यालयात अशाच विद्यार्थी कंपनीच्या उपक्रमाचा अभ्यास झाला होता. तो 2010 साली प्रसिद्ध झाला. उपक्रमानंतर उद्योजक होण्याची विद्यार्थ्यांची इच्छा कमी झालेली आढळली. अनेकांनी याला अपयश म्हटले. मला तसे वाटत नाही. व्यवसाय किती कष्टाचा आहे हे पाहून एखाद्याने विचारपूर्वक दुसरी वाट धरली, तर तेही शिक्षणच होय. मात्र सहावीच्या मुलांवर ‘उद्योजक व्हा’ असा आग्रह धरू नका.

परिस्थितीचा मुद्दा तुम्ही काढलात, हे फार बरे केलेत. खाऊचे पैसे किती मिळतात, घरी कोण कमावते, असे प्रश्न वर्गात कधीच विचारू नयेत. भांडवल घरून मागवू नये. सर्वांना सारखी टोकने शाळेतूनच द्यावीत आणि वस्तू आईवडिलांना विकायला लावू नयेत, कारण त्यात ज्याच्या घरी पैसे जास्त त्याची विक्री जास्त. घानामधील शाळांत झालेला एक अभ्यास येथे आठवतो. काही शाळांत फक्त पैशाचे शिक्षण दिले गेले, तर काहींत मुलांचे हक्क आणि जबाबदाऱ्या यांचीही जोड होती. शाळेतली बचत दोन्हीकडे वाढली. पण केवळ पैशाचे धडे घेतलेली मुले, असे काहीच न शिकवलेल्या मुलांच्या तुलनेत, कामाला अधिक जुंपून घेऊ लागली आणि जोड असलेल्या गटात तशी वाढ दिसली नाही. दोन्ही गटांतला फरक ठामपणे सिद्ध म्हणावा इतका मोठा नव्हता. तरीही, कमाई चांगली एवढेच ऐकून घरी गेलेले गरीब घरातले मूल काय करील, याचा विचार आपण आधी करायला हवा. कंपनीच्या पहिल्याच बैठकीत मुलांकडून दोन नियम लिहून घ्या : अभ्यासाच्या आणि खेळण्याच्या वेळेत कंपनीचे काम करायचे नाही, आणि शेवटी उरलेल्या नफ्याचे काय करायचे ते सर्वांच्या मताने ठरवायचे. वर सांगितलेल्या वर्गाने उरलेल्या 14 वाचनखुणा पाचवीच्या वर्गाला वाटल्या आणि हिशेबाच्या वहीत 28 टोकने ‘भेट’ या नावाने खर्ची टाकली. बरोबर किती टाकायची, खर्चाची दोन की किमतीची तीन, यावर मात्र त्यांचा अर्धा तास वाद झाला, आणि त्या वेळी मधे न बोलणे हे स्वयंसेवकाला सर्वांत अवघड गेले, असे त्यांनी मला नंतर सांगितले.