अब्याथार की अहीमलेख?

प्रिय बाळ,

तुझा मेसेज वाचला. मार्क २:२६ मध्ये येशू म्हणतो की दावीदाने समर्पित भाकरी खाल्ल्या तेव्हा अब्याथार प्रमुख याजक होता. पहिल्या शमुवेलच्या २१व्या अध्यायात मात्र तिथे अहीमलेख आहे. होस्टेलवरच्या मित्राने हे दाखवलं आणि तुझी बोलतीच बंद झाली. उत्तर न सुचण्याचं काही नाही, पण तुला धक्का बसला याचं नवल वाटलं. धर्मशिक्षणाच्या वर्गात हे आम्हीच सांगायला हवं, कारण ख्रिस्तसभेने ते कधी लपवलेलं नाही. २ ऑक्टोबर १९६४ रोजी व्हिएन्नाचे कार्डिनल फ्रान्झ क्योनिग यांनी हाच दाखला द्वितीय व्हॅटिकन परिषदेत जगभरच्या बिशपांपुढे ठेवला. सोबत मत्तय २७:९ सुद्धा: वचन यिर्मयाच्या नावावर, पण मुख्यतः जखऱ्याचं.

परिषद बायबलबद्दल जो दस्तऐवज तयार करत होती, त्याच्या पुढच्या मसुद्यात ‘तारणदायी सत्य’ असे शब्द आले आणि वाद पेटला. काहींना वाटलं, आता लोक बायबलचे दोन वाटे करतील: तारणाचा मजकूर खरा, बाकीचा सोडून द्या. पोप सहावे पॉल यांनीही लक्ष घातलं. शेवटी ठरलं ते असं: आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य पवित्र शास्त्रात नोंदवायचं होतं, ते शास्त्र ठामपणे आणि न चुकता शिकवतं. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी हा दस्तऐवज, ‘देई वेर्बुम’ (देवाचं वचन), २,३४४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. त्याचं कलम ११ सावकाश वाच.

म्हणून शुभवर्तमानं म्हणजे नुसत्या बोधकथा, असं म्हणून सुटता येत नाही हं. कलम १९ चारही शुभवर्तमानांची ऐतिहासिकता निःसंदिग्धपणे सांगतं. आधी येशूचं बोलणं-करणं, मग प्रेषितांचं प्रवचन, मग शुभवर्तमानकारांनी त्यातलं निवडून, आपापल्या मंडळीकडे बघून केलेलं लेखन. क्रूसावरची पाटीच बघ. मार्कमध्ये ‘यहूद्यांचा राजा’ एवढंच. योहानात ‘नासरेथकर येशू, यहूद्यांचा राजा’. शब्द चौघांचे चार, आरोप एकच. आणि रोमन सुभेदार पिलाताच्या अमदानीत ख्रिस्ताला देहदंड झाला हे तॅसिटसनेही लिहून ठेवलंय. त्या रोमन इतिहासकाराला ख्रिस्ती लोकांबद्दल काडीचंही प्रेम नव्हतं.

अर्थ लावणारी ख्रिस्तसभा कोण, हे मित्र विचारेलच. कलम १० दाखव. शिकवण्याचा अधिकार तिचा आहे, पण तो देवाच्या वचनाच्या वर नाही, त्याच्या सेवेला आहे. आपली माणसंसुद्धा यातलं पहिलं अर्धंच सांगतात.

अब्याथारसाठी ओढूनताणून पळवाटा काढू नकोस. मला त्या कधीच पटल्या नाहीत. नाव वेगळं आहे, असं सरळ सांग आणि पुढचं वचन मित्राकडूनच वाचून घे: शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस) माणसासाठी झाला.

मग मत्तय १२ आणि लूक ६ उघड. तीच गोष्ट, पण दोघांनीही अब्याथारचं नाव गाळलंय. का गाळलं असेल, ते तुझ्या मनाने लिहून पाठव.

तुझे,
सर