एकांकिकेसाठी कपाळावरची खोटी जखम खरी कशी दिसेल?

लाठी लागून कपाळ फुटल्याची जखम कमी खर्चात कशी करावी आणि ती घामाने निघू नये यासाठी काय करावे, असे आपण विचारले आहे. मुंबईत हौशी नाटकांची रंगभूषा करताना जे हाताशी आले, ते सांगतो.

रक्त कालवण्यापूर्वी जखम कशाने झाली आणि तिला किती वेळ लोटला आहे, हे ठरवावे. सुरीच्या वाराच्या कडा सरळ असतात; लाठीने मात्र कातडी कवटीच्या हाडावर चेपून फाटते, म्हणून कडा वेड्यावाकड्या आणि भोवती लालसर सूज असते. काळानिळा रंग हळूहळू चढतो व हिरवट-पिवळी झाक त्याहूनही उशिरा येते, तरीही मार खाऊन विंगेत गेलेला नट दोन मिनिटांत जांभळा डोळा घेऊन परततो, हे आपल्याकडे नेहमीचेच आहे.

जिलेटिन आणि ग्लिसरीनची जखम दिसते सुरेख, पण अंगाच्या उष्णतेने ती मऊ पडते आणि मुंबईच्या दमट हवेत, त्यातही दिव्यांखाली, कपाळावरून सरकू लागते. शिवाय जिलेटिन प्राणिजन्य असल्याने शाकाहारी नटाला आधी विचारलेले बरे. आपल्यासाठी द्रवरूप लेटेक्स, म्हणजे रबराचा पातळ चीक, आणि टिश्यू पेपर हाच सोयीचा मार्ग आहे. मात्र रबराच्या हातमोज्यांचा किंवा फुग्यांचा त्रास होणाऱ्यांना लेटेक्स मुळीच लावू नये, इतरांनाही आदल्या दिवशी दंडाच्या आतील बाजूस थोडेसे लावून पाहावे.

कपाळ पुसून तेलकटपणा काढावा आणि भुवयांना व केसांच्या कडेला व्हॅसलीन लावावे, नाहीतर लेटेक्स काढताना केसही उपटून येतील. मग लेटेक्सचा पातळ थर, त्यावर टिश्यूचा एक पदर, पुन्हा लेटेक्स, असे तीन-चार थर प्रत्येक वेळी पूर्ण वाळवून द्यावेत. टिश्यू कात्रीने न कापता हाताने फाडावा आणि बाहेरच्या कडेकडे थर विरळ करत न्यावेत, कारण नकली जखम रंगापेक्षा कडेमुळेच उघडी पडते. वाळलेले लेटेक्स स्वतःलाच चिकटते, म्हणून त्यावर पावडर फिरवावी, मग मधोमध चिमटीने फाडून जखमेच्या फाटलेल्या कडा उचलाव्यात. आतला तळ काळसर तपकिरी-लाल, कडा लाल आणि भोवतालची त्वचा फिकट लाल अशी रंगवावी; फाउंडेशन जखमेच्या बाहेरपर्यंत नेऊन मिळवावे.

रक्तासाठी केकच्या सामानात मिळणारे लिक्विड ग्लुकोज, लाल खाद्यरंग, चिमूटभर कोको आणि निळ्या रंगाचा अगदी थेंब पुरे होतो. हे सारे क्रॉफर्ड मार्केटात मिळते. नुसता लाल रंग सरबतासारखा दिसतो. कपाळाची जखम भरपूर वाहते, त्यामुळे नट उभा असेल तर धार भुवईकडे आणि कानशिलावरून खाली यायला हवी, डोळ्यात मात्र जाता कामा नये. खाद्यरंगाचे डाग कपड्यांवरून सहज जात नाहीत, हे वेशभूषा सांभाळणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे.

रंगीत तालमीत प्रकाशयोजनेखाली जखम एकदा तपासावीच, कारण लाल प्रकाशात लाल रक्त फिके पडते आणि निळ्यात काळे दिसते. प्रयोगानंतर लेटेक्स ओढून काढू नये. कडेखाली खोबरेल तेल मुरवून ते सावकाश सोडवावे.