पोंदालेझ म्हणजे जिना नव्हे, साकव!

प्रश्न आलाय तो असा: फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतात मोर्ले नावाच्या गावी जुनी ‘पोंदालेझ घरं’ आहेत. पोंदालेझ म्हणजे तो कोरीव गोल जिनाच ना? आणि अशा घराला मराठीत ‘वाडा’ म्हटलेलं चालेल का?

जिना नव्हे हो! प्रवासवर्णनं लिहिणारे एकजात हीच चूक करतात. त्यांचाही दोष अर्धाच, कारण डोळ्यात भरतो तो जिनाच. मोर्लेतला असा एक जिना लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. 1522 साली इंग्रजांनी हे गाव लुटून जाळलं होतं, आणि पुढे गावचा जिनाही त्यांच्याच राजधानीत जाऊन बसला. असो.

घराची रचना समजली की शब्द आपोआप कळतो. ही सोळाव्या शतकातली, कापडाच्या, मुख्यतः लिननच्या व्यापारावर गबर झालेल्यांची घरं. रस्त्याकडे दुकान आणि त्यावर लाकडी चौकटीचे, एकापेक्षा एक पुढे आलेले मजले. मागच्या अंगाला दुसरी इमारत. मधे थेट छपरापर्यंत मोकळी गेलेली उंच खोली, तिच्यात भली मोठी शेकोटी आणि कोपऱ्यात जिना. आता जिना चढून पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत जायचं कसं? तर त्या पोकळीच्या कडेने प्रत्येक मजल्यावर एक लाकडी कठड्याची वाट जाते. ती वाट म्हणजे पोंदालेझ.

शब्द ब्रेतोन, म्हणजे ब्रिटनीच्या स्वतःच्या भाषेतला, पण घेतलेला फ्रेंचकडून: ‘पों द’आले’, म्हणजे येण्याजाण्याचा पूल. यातल्या ‘पों’चं मूळ लॅटिन ‘पोन्स’, आणि हा ‘पोन्स’ आपल्या ‘पन्थाः’चा सख्खा भाऊबंद! म्हणजे वारकरी ‘पंथ’ आणि मोर्लेतला माळ्यावरचा पूल एकाच कुळातले. (ब्रिटनीची सत्ताधीश डचेस आन 1505 साली मोर्लेला आली तीही ब्रिटनीतल्या संतांची वारी करताना. तिच्या नावाने दाखवतात ते घर मात्र ती 1514 साली वारल्यानंतरचं मानतात.)

मराठीत काय म्हणावं? काही कोशपंडित ‘सज्जा’ सुचवतात. सज्जा भिंतीबाहेर डोकावतो, पण कुठे पोचवत नाही! ‘गॅलरी’ म्हणणाऱ्यांना तर कपडे वाळत घालायचे असतात. आपल्याकडे नेमका शब्द आहे: साकव. कोकणात वहाळावर दोन-चार ओंडके आडवे टाकून, धरायला एखादा बांबू बांधून करतात तो. हा ‘साकव’ आला संस्कृत ‘संक्रम’वरून. ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणं, चालणं. ‘संक्रांत’ त्याच धातूची. आणि फ्रेंच ‘आले’ही ‘जाणे’ या क्रियापदावरूनच. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता पुलाला चालण्यावरूनच नाव दिलं. याहून चपखल प्रतिशब्द कोणी आणून दाखवावा. खाली पाणी नाही म्हणून साकव नाही, असं एका जाणकारांनी मला ऐकवलं. मग उड्डाणपुलाखाली कोणती नदी वाहते?

तेव्हा ‘साकवाचं घर’ म्हणा. आणि हो, वाड्याचं राहिलंच. वाड्याचा चौक आभाळाला उघडा असतो, तुळशीवर पाऊस पडतो. इथे डोक्यावर छप्पर आहे.