पायरीवर बसणारा फौजदार

बाई एकट्याच आल्या. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीकडं येणारा जिना अंधारा आहे. वर पोचल्यावरही त्या थोडा वेळ दारातच उभ्या राहिल्या आणि मागं वळून बघत राहिल्या.

"मी इथं आलो हे त्यास्नी कळता कामा नये," हे त्यांचं पहिलं वाक्य.

दुसरं वाक्य मला पाठ आहे, कारण ते मी अनेक घरांतून ऐकलं आहे. "आमचे हे रिटायर झाले, आता गावकीत पडायचं म्हणत्यात. झेपंल का हो त्यांना?" कधी बायको विचारते, कधी मुलगा, तर कधी पुण्यात नोकरी करणारी मुलगी फोनवरून विचारते. कोल्हापूर जिल्ह्यात फौजेत माणूस नाही असं गाव शोधावं लागेल. शिरोळ तालुक्यातल्या एका टाकळीच्या तर नावातच सैनिक आहे. फौजेतून बाहेर पडलेले बरेच जण पुढं पोलिसात जातात, कारण राज्य सरकारच्या वर्ग तीन आणि चारच्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के जागा असतात. त्यामुळं दोन्ही वर्द्या घातलेली माणसं आपल्याकडं गावोगाव आहेत, आणि हा प्रश्नही. एका घराची गोष्ट सांगून त्याचं उत्तर देते. नाव-गाव सांगणार नाही, काही तपशील बदलले आहेत, आणि लिहायला त्या दोघांनी होकार दिला आहे.

गाव करवीर तालुक्यातलं, पंचगंगेच्या काठचं. हे गृहस्थ अठराव्या वर्षी मराठा लाईट इन्फन्ट्रीत भरती झाले. बेळगावला ट्रेनिंग, मग १७ वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी काश्मीरमध्ये. पेन्शन घेऊन घरी आले आणि वर्षभरात पोलीस शिपाई झाले. ५८ व्या वर्षी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. गाव त्यांना फौजदार म्हणतं, मीही तसंच म्हणते. निवृत्तीनंतर ग्रामसभेनं त्यांना तंटामुक्त गाव समितीचं अध्यक्ष केलं. पुढच्या निवडणुकीत पंचायतीला उभं राहायचं त्यांच्या मनात होतं.

बाईंची तक्रार मात्र स्वयंपाकघरापासून सुरू झाली. पहाटे साडेचारला अंथरुणाच्या घड्या. चपला एका रेषेत नसतील तर सुनेला हाक. नातवाला उठवायला शिट्टी. "सिलिंडर कधी लावला, लिहून का ठेवलं न्हाई, असं मला विचारत्यात. चाळीस वर्षं घर मी चालवलं. ते सुट्टीला यायचे, बंदोबस्तातनं यायचे, जेवायचे, जायचे. आता माझ्याच चुलीपाशी चौकशी लावल्या."

आणि मग त्यांनी ग्रामसभेचं सांगितलं. गटारीवर पत्रे टाकून एका तरुणानं गोठा पुढं ओढला होता. पावसाचं पाणी तुंबून मागच्या चार घरांत शिरायचं. फौजदार सभेत उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आठ दिवसांत काढायचा. नववा दिवस दिसता कामा नये." तो पोरगा मागून ओरडला, "तुमची वर्दी उतरली आता! दोन-दोन पेन्शनी खा आणि गप बसा!" काही जण हसले. फौजदार घरी आले, दोन दिवस जेवले नाहीत, कुणाशी बोलले नाहीत. रात्री अंगणात येरझाऱ्या.

"एवढी गोळीबारातली माणसं," बाई म्हणाल्या, "आणि एका पोराच्या बोलण्यानं अशी मोडत्यात व्हय?"

मोडतात. गोळीबारात शेजारी दुसरा उभा असतो आणि मागं पलटण असते. ग्रामसभेत ते एकटे उभे होते.

पंधरा दिवसांनी ते स्वतः आले. बाईंनी शेवटी सांगूनच टाकलं होतं. खुर्चीच्या कडेला ताठ बसले, पाठ टेकली नाही. "मला काही झालेलं नाही मॅडम. हिला उगाच काळजी."

अशा वेळी मी आधी तीन गोष्टी विचारते, त्या कुणीही विचाराव्यात. झोप किती लागते आणि रात्री दचकून जाग येते का. पिणं वाढलं आहे का. आणि घरात हत्यार आहे का. माजी सैनिकांकडं परवान्याची बारा बोरची बंदूक बऱ्याचदा असते, आणि मनाच्या वाईट काळात ती कपाटात असणं धोक्याचं. जीव नकोसा झाल्याचा विचार येतो का, हेही मी सरळ विचारलं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो असं लोकांना वाटतं, तसं नसतं. फौजदारांनी सरळ उत्तर दिलं. तसा विचार नव्हता. झोप मोडत होती. बंदूक होती. ती भावाकडं ठेवतो म्हणाले, पण बिनपरवाना माणसाकडं ती ठेवता येत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. दोन दिवसांत ठाण्यात रीतसर जमा करून पावती घेतली. झोपेसाठी मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडं पाठवलं. फौजेची पेन्शन असलेल्यांना ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, दवाखान्यातून पुढची चिठ्ठी मिळते. तसं कार्ड कुणाकडं नसेल आणि रात्री-अपरात्री बोलायची गरज पडली तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

मग मी त्यांना त्यांचे दिवस सांगायला लावले. फौजेतला एक साधा दिवस, पोलिसातला एक साधा दिवस, आताचा एक दिवस. फौजेतला दिवस घड्याळावर सांगितला, मिनिटासकट. पोलिसातला सांगताना माणसं आली: अमक्या गल्लीतली म्हातारी, तमका टपरीवाला. आताचा दिवस दोन वाक्यांत संपला.

त्यातून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. या माणसाची पहिली निवृत्ती त्याला लागलीच नव्हती. एक वर्दी उतरली, वर्षभरात दुसरी चढली. पलटणीतली माणसं, तो हुद्दा, ती हाक सोडून आल्याचं दुःख करायला वेळच मिळाला नाही. ५८ व्या वर्षी दोन्ही वर्द्या एकदम उतरल्या. बाईंना वाटत होतं नवरा पोलिसाची नोकरी संपल्यानं असा झालाय. पण त्यांच्या बोलण्यात बेळगाव जास्त वेळा येत होतं.

चौथ्या भेटीत पुराचा विषय निघाला. २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला होता तेव्हा ते बंदोबस्तात होते. त्यांच्या बीटमधल्या, म्हणजे गस्तीच्या भागातल्या, एका वस्तीत पाणी शिरत होतं. एक आजी दोन म्हशी सोडून निघायला तयार नव्हती. होडी थांबलेली. बाकीचे आरडाओरडा करत होते.

"मग तुम्ही काय केलंत?"

"तिच्या पायरीवर बसलो. पाणी घोट्याला लागत होतं. म्हटलं आजी, म्हशींची नावं काय. तिनं सांगितली. मग आधी म्हशी काढल्या, उंचावर बांधल्या, तिला लांबून दाखवल्या. मग आली आपली आपण."

"ऑर्डर का नाही दिलीत तिला? वर्दी तर होती अंगावर."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ऑर्डरीनं ती आली नसती."

त्या दिवशी मी याहून जास्त काही बोलले नाही. जिन्यावरून उतरताना ते मध्येच थांबले होते, मला वरून दिसलं.

गावकी झेपंल का, या प्रश्नाचं माझं उत्तर याच प्रसंगात आहे. माणसं समजतात की शिस्त आणि हुकमत ही वर्दीतल्या माणसाची कमाई, आणि तीच गावाच्या कामाला येणार. ती येत नाही. हुकूम चालतो कारण त्याच्यामागं कायदा, हुद्दा आणि शिक्षा उभी असते, आणि ते सगळं सरकारनं नोकरीपुरतं उसनं दिलेलं असतं. तंटामुक्त समितीला कुणाला आत टाकता येत नाही. २००७ साली ही मोहीम सुरू झाली तीच मुळी गावातले तंटे गावात, सामोपचारानं मिटावेत म्हणून. ग्रामपंचायतीत तरी काय? सात ते सतरा सदस्यांतला एक. एकट्या सदस्याच्या शब्दावर गटारीतला एक दगडही हलत नाही. मासिक सभेत विषय यावा लागतो, ठराव व्हावा लागतो, मग निधी, मग काम. पोलीस ठाण्यातून आलेल्या माणसाला ही चाल फार संथ वाटते.

पण त्यांच्याकडं दुसरी कमाई होती. बीट अंमलदाराची. कुठल्या घरात कोण आजारी आहे, कुणाचा पोरगा रात्री उशिरा येतो, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, हे बीटवाल्याला ठाऊक असतं, कारण तो पायी फिरतो आणि लोक त्याला सांगतात. गावाला ती कमाई हवी होती. आणि ते ग्रामसभेत परेड मैदानावरच्या आवाजात बोलत होते.

मी त्यांना काम दिलं. एक खिशातली वही. पंधरा दिवस रोज एक गल्ली. ऐकायचं, लिहायचं, कुणाला काही करायला सांगायचं नाही. घरासाठी वेगळा करार झाला, तो बाईंनीच घातला: स्वयंपाकघरात चौकशी नाही, नातवाला शिट्टी नाही. पहाटेचं दूध काढणं आणि डेअरीला घालणं त्यांच्याकडं. "त्याची नोंद काय ठेवायची ती ठेवा म्हणावं," असं त्या म्हणाल्या. पहिला आठवडा वाईट गेला. तिसऱ्या दिवशीच शिट्टी वाजली. मग त्यांनी ती नातवालाच देऊन टाकली.

गोठ्यावाल्या पोराच्या घरी ते तीनदा गेले. पहिल्यांदा पायरीवर बसून त्याच्या आईशी गुडघेदुखीबद्दल बोलले. दुसऱ्यांदा पोरगा घरात असून बाहेर आला नाही. तिसऱ्यांदा तोच बोलला, की गोठा मागं न्यायचा तर मागची भिंत पडायला आलीय, दोन गाई बांधू कुठं? हे सभेत कुणी विचारलंच नव्हतं. भिंतीला चार गवंडी दिवस लागले, वाळू कुणीतरी दिली, पत्रे पोरानं स्वतः काढले. सगळे नाही. एक पत्रा अजून गटारीवर आहे. फौजदारांना तो रोज दिसतो आणि रोज खटकतो.

त्यांनी एकदा मला विचारलं, "राळेगणला नाही का अण्णांनी करून दाखवलं? तेही फौजीच." म्हटलं, खरं आहे. पण १९७५ मध्ये गावी आल्यावर अण्णा हजारेंनी आधी स्वतःच्या पैशातून पडकं देऊळ दुरुस्त करायला घेतलं, आणि निवडणूक कधीच लढवली नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या वडगावचे लेफ्टनंट जनरल थोरात १९६१ मध्ये सैन्यातून निवृत्त झाले आणि पुढं महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. तीही सेवाच. पद आणि सेवा एकच आहेत असं धरून चालू नका, एवढंच मला त्यांना सांगायचं होतं.

उभं राहूच नका, असं मात्र मी कुणाला म्हणत नाही. नोकरीत असताना निवडणूक लढवता येत नाही, निवृत्तीनंतर येते. वय २१ पूर्ण, त्या गावच्या मतदार यादीत नाव, पंचायतीची थकबाकी नाही, आणि दोन अपत्यांची अट, हे आधी बघून घ्यावं. कागद सोपे आहेत. अवघड असतो तो पडल्यानंतरचा दिवस. हरलो तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी गल्लीतून फिरेन का, याचं उत्तर घरात मोठ्यानं द्यावं. फौजदारांना ते देता आलं नाही, म्हणून मी त्यांना म्हटलं, सध्या थांबा. त्यांना ते आवडलं नाही. बाईंना फार आवडलं, आणि मला त्यांना सांगावं लागलं की हा कायमचा नकार नाही.

मध्ये पावसाळा आला. वही तोवर भरली होती. कुणाच्या गोठ्यात किती जनावरं, कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाकडं ट्रॅक्टर, कुणाचे पाहुणे उंचावरच्या गावात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही पंचगंगेची इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. गावाला हे आकडे पाठ असतात, तरी माणसं शेवटपर्यंत हलत नाहीत, जनावरांसाठी थांबतात. त्या वहीवरून सरपंच, पोलीस पाटील आणि तरुण मंडळाच्या पोरांनी जनावरं आधी हलवायची यादी केली. पाणी चढू लागलं तेव्हा पहिल्या ट्रॅक्टरवर गोठ्यावाला पोरगा होता. त्या रात्री फौजदारांचा आवाज पुन्हा परेडचा झाला, हे बाईंनीच मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोन घरांत जाऊन ते "काल जरा जोरात बोललो" म्हणून आले. रात्री-अपरात्री त्यांचा फोन वाजतो हे बाईंना अजून सहन होत नाही. त्यावर आमचं काम चालू आहे.

शेवटच्या भेटीला दोघं बरोबर आले. ते पाठ टेकून बसले होते. निघताना दारात थांबले, खिशातून वही काढली आणि जिन्याकडं बोट करून म्हणाले, "मॅडम, हा दिवा किती दिवस बंद आहे?"

"चला," बाई म्हणाल्या, "इथं तुमची हद्द न्हाई."

"म्हणून तर विचारतोय," ते म्हणाले.